दुखतंय मांडीत, अडलंय घोट्यात

गेल्या वर्षी झोनलच्या खो-खो स्पर्धेत आपलं कॉलेज उपांत्य सामन्यात एका गुणाने हरलं. तो एक गुण कुणामुळे गेला हे हॉस्टेलमधल्या बहुतेकांना माहीत आहे. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो, माझ्यामुळे.

शेवटचं अर्धं मिनिट राहिलं होतं. मी मधल्या चौकोनात बसलो होतो. खो मिळाला तेव्हा त्यांचा शेवटचा गडी माझ्या समोरूनच पळत होता, हात लांब केला असता तर मिळाला असता. मी उठलो, पण उठताना उजवा पाय क्षणभर जमिनीला चिकटल्यासारखा वाटला. तेवढ्यात गडी निसटला. मी तसाच पुढे झेपावलो आणि मांडीच्या मागे सण्णकन कळ आली. शिट्टी झाली तेव्हा मी मैदानावर आडवा होतो. कॅप्टन जवळ येऊन म्हणाला, "काय रे, म्हातारा झालास की काय?"

खरं तर शाळेत मला सगळे 'स्प्रिंग' म्हणायचे. सांगली जिल्ह्यातल्या आमच्या गावात खो-खो म्हणजे रोजचं जेवण. मग दोन वर्षांत या स्प्रिंगला झालं काय? याचं उत्तर शोधताना जे शिकलो ते आपल्या अंकासाठी लिहून काढलं आहे. मी डॉक्टर नाही, मेकॅनिकलचा विद्यार्थी आहे. त्यामुळे काही ठिकाणी माणसाच्या पायाचं वर्णन मशीनसारखं झालं असेल तर सांभाळून घ्या.

दोन महिने चुकीचा नट आवळला

मांडीच्या मागच्या स्नायूंना हॅमस्ट्रिंग म्हणतात. ते आखडलेत असं सगळ्यांनीच निदान केलं. मीही केलं. वाकून पायाचे अंगठे धरायला गेलो तर हात नडगीच्या मध्यावर थांबायचे. मग काय, रोज सकाळी कॉरिडॉरच्या कठड्यावर पाय टाकून हॅमस्ट्रिंग ताणायचा कार्यक्रम सुरू. रूम-पार्टनर वरून दाबायचा. दोन महिने झाले तरी फरक शून्य. उलट प्रत्येक जोराच्या धावेनंतर तीच जागा ठणकायची.

शेवटी फिजिओथेरपीच्या ओपीडीत गेलो. तिथल्या मॅडमना मी लगेच मांडी दाखवायला लागलो. त्या म्हणाल्या, "मांडी नंतर बघते. आधी बूट-मोजे काढ आणि उकिडवा बस."

मी बसलो. "उजवी टाच बघ."

बघितलं तर उजवी टाच बोटभर वर! डावी जमिनीला टेकलेली. मी रोज हॉस्टेलच्या संडासात असाच बसत होतो आणि दोन वर्षांत एकदाही लक्षात आलं नव्हतं. मॅडमनी विचारलं, "हा घोटा कधी मुरगळला होता का?"

मुरगळला होता, बारावीच्या वर्षी. आंबेहळदीचा लेप लावला, आठवडाभर लंगडलो, सूज उतरली, विषय संपला. निदान मला तसं वाटलं होतं. सूज गेली की घोटा बरा झाला असं आपण धरून चालतो. पण सूज उतरणं वेगळं आणि सांध्याची पूर्ण हालचाल परत येणं वेगळं. त्यात पुढचं वर्षभर सीईटीचा अभ्यास, म्हणजे खेळ बंद आणि खुर्ची चालू.

तीन तपासण्या, ज्या खोलीतही करता येतात

मॅडमनी त्या दिवशी तीन गोष्टी तपासल्या. तिन्ही तुम्ही आज रात्री जेवणानंतर करून बघू शकता.

पहिली, भिंतीची तपासणी. भिंतीकडे तोंड करून एक पाय पुढे ठेवा. टाच न उचलता गुडघा भिंतीला टेकवा. टेकला तर पाय थोडा मागे घ्या आणि पुन्हा टेकवा. ज्या अंतरावर टाच उचलायला लागते त्याच्या आधीचं, अंगठ्यापासून भिंतीपर्यंतचं अंतर पट्टीने मोजा. साधारण १० सेंटिमीटरच्या आसपास किंवा जास्त असेल तर ठीक. दोन पायांत मोठा फरक असेल तर लक्ष द्यायला हवं. माझा डावा ११, उजवा ५.

दुसरी थॉमसची तपासणी. ह्यू ओवेन थॉमस हे एकोणिसाव्या शतकातले इंग्लंडमधले हाडांचे डॉक्टर, त्यांच्या नावाने ओळखली जाते. कॉटच्या अगदी कडेवर बसून उताणं झोपायचं. एक गुडघा दोन्ही हातांनी छातीशी धरायचा, दुसरा पाय मोकळा सोडायचा. मोकळ्या पायाची मांडी कॉटला टेकली पाहिजे. ती हवेत राहिली तर जांघेतला, म्हणजे कंबरेच्या पुढच्या बाजूचा स्नायू आखडलाय. मांडी टेकली पण गुडघा सरळ होऊ पाहतोय, तर मांडीच्या पुढचा स्नायू आखडलाय. माझ्या दोन्ही मांड्या हवेत होत्या.

तिसरी, उताणं झोपून गुडघे वाकवून एका पायावर कंबर उचलायची आणि दहा सेकंद धरायची. हे काम नितंबाच्या मोठ्या स्नायूचं आहे. मी उचलली, पण पाचव्या सेकंदाला हॅमस्ट्रिंगमध्ये गोळा आला. मॅडम हसल्या. म्हणाल्या, "बघ, काम कुणाचं आणि करतंय कोण!"

आखडलेला आणि ताणलेला यातला फरक

आता यातलं मेकॅनिक्स. कंबरेचं हाड, म्हणजे पेल्व्हिस, ही दोन मांड्यांवर तोललेली एक परात समजा. पुढच्या बाजूला तिला खाली ओढणारे स्नायू आहेत. त्यातला सोआस हा कंबरेच्या मणक्यांपासून निघून मांडीच्या हाडाच्या आतल्या बाजूला जातो. दुसरा रेक्टस फेमोरिस, हा पेल्व्हिसच्या पुढून निघून गुडघ्याच्या वाटीकडे जातो. मागच्या बाजूला बसायच्या हाडापासून निघून गुडघ्याखाली जातो तो हॅमस्ट्रिंग.

पुढचे स्नायू आखडले की परात पुढे कलंडते. पुढची कड खाली, मागची वर. म्हणजे हॅमस्ट्रिंगचं वरचं टोक वर खेचलं जातं. तो आखूड झालेला नसतो, आधीच ताणून ठेवलेला असतो. दोन खुंट्यांना बांधलेली कपडे वाळवायची दोरी आठवा. एक खुंटी मागे सरकवली की दोरी कडक लागते, पण म्हणून ती आखूड झाली का? आणि मी दोन महिने तीच दोरी आणखी ओढत होतो.

घोट्याचा संबंध याहून सरळ आहे. बसलेल्या अवस्थेतून पुढे उठायचं तर नडगी पायाच्या पंजावर पुढे झुकली पाहिजे, म्हणजे शरीराचं वजन पायाच्या वर येतं. माझी सवय उजवा पाय पूर्ण टेकवून त्यावरून उठायची. घोटा अडला की नडगी झुकत नाही, वजन मागेच राहतं. मग शरीर ते पुढे आणायला धड जास्त वाकवतं. धड जितकं पुढे तितकी कंबरेच्या सांध्याभोवतीची मोमेंट आर्म जास्त, आणि तो मोमेंट पेलायचा कुणी? नितंबाच्या स्नायूने. तो आळशी झालेला. म्हणून पुन्हा हॅमस्ट्रिंग.

थोडक्यात, चौघांनी जेवायचं आणि बिल एकट्याने भरायचं अशी त्या बिचाऱ्याची गत. ओरडला तर आपण त्यालाच धरून ताणतो.

काहींच्या बाबतीत घोट्याची भरपाई वेगळ्या ठिकाणी होते. पायाची कमान आत दबते आणि गुडघा आत वळतो. उडी मारून खाली येताना किंवा दिशा बदलताना गुडघा असा आत गेला की गुडघ्याच्या लिगामेंटवर वाईट ताण येतो. बास्केटबॉल आणि कबड्डीवाल्यांनी आपला मोबाइल मित्राच्या हातात देऊन समोरून उडीचं शूटिंग करून घ्यावं. आपला गुडघा कुठे जातो ते आपल्याला कधीच दिसत नाही.

खुर्चीचा हिशेब

ओपीडीतून आल्यावर एका कागदावर दिवसाचा हिशेब मांडला. लेक्चर आणि प्रॅक्टिकल मिळून सहा तास, त्यात वर्कशॉपचे दिवस सोडले तर बसूनच. मेस, कट्टा, बस मिळून दोन तास. रात्री लॅपटॉप चार तास, सबमिशनच्या आठवड्यात सात. म्हणजे रोज बारा तास कंबर आणि गुडघा काटकोनात. मैदानावर? दीड तास, तोही पीएल लागली की बंद.

स्नायू हा रबर नाही, तो स्वतःला बदलतो. १९७२ मध्ये प्रसिद्ध झालेला एक प्रयोग आहे. मांजराचा पोटरीतला सोलिअस हा स्नायू आखूड राहील अशा स्थितीत पायाला प्लास्टर घातलं. काही आठवड्यांत त्या स्नायूच्या तंतूतले सार्कोमिअर, म्हणजे आकुंचन पावणारे छोटे घटक, सुमारे ४० टक्क्यांनी कमी झाले. ताणलेल्या स्थितीत प्लास्टर घातलं तर ते वाढले. आणि प्लास्टर काढल्यावर पुन्हा पूर्ववत झाले. शेवटचं वाक्य सर्वांत महत्त्वाचं. खुर्ची म्हणजे प्लास्टर नव्हे, आपण अधूनमधून उठतो, त्यामुळे मांजराचा आकडा आपल्याला लावू नका. पण दिशा तीच आहे, आणि परतीचा रस्ता उघडा आहे.

उन्हाळ्याच्या सुट्टीत गावी गेलो तेव्हा आजोबांना मुद्दाम बघितलं. वय ७८. भुईमुगात भांगलताना दोन्ही टाचा टेकवून तासभर उकिडवे. मी शेजारी बसलो तर पाच मिनिटांत मागे पडलो. आजोबा म्हणाले, "इंजिनेर, तुझं बेअरिंग गेलंय." निदान अचूक होतं.

खांद्याची गोष्ट

हे फक्त पायाचं नाही. माझा रूम-पार्टनर कॉलेजचा फास्ट बॉलर. लॅपटॉप मांडीवर, पाठ भिंतीला, मान पुढे, अशी त्याची रात्रीची समाधी. गेल्या सीझनमध्ये त्याचा खांदा दुखायला लागला. त्याच्यासाठी एक प्रयोग, तुम्हीही करा. खुर्चीत पोक काढून बसा आणि दोन्ही हात डोक्यावर उचला. कुठपर्यंत गेले बघा. आता पाठ सरळ करून पुन्हा उचला. फरक दिसला?

हात डोक्यावर जातो त्यातला साधारण एक तृतीयांश भाग खांद्याच्या फऱ्यामुळे मिळतो, बाकीचा खांद्याच्या सांध्यातून. पोक आलं आणि छातीचा लहान स्नायू, पेक्टोरॅलिस मायनर, आखडला की फरा पुढे झुकतो आणि नीट वर फिरत नाही. मग उरलेला कोन खांद्याच्या सांध्याला काढावा लागतो. एका ओव्हरला सहा वेळा, नेटमध्ये शंभर वेळा. चेक प्रजासत्ताकाचे डॉक्टर व्लादिमीर यांडा यांनी मान-खांदा आणि कंबर-मांडी अशा दोन्ही ठिकाणी आखडलेल्या आणि दुबळ्या स्नायूंची फुलीसारखी जोडी दाखवून दिली. एका रेषेवरचे आखडलेले, तिला छेदणाऱ्या रेषेवरचे दुबळे.

पण इथे एक सावधगिरी, जी मॅडमनीच दिली. पेल्व्हिस थोडं पुढे झुकलेलं असणं किंवा खांदे थोडे पुढे असणं हा आजार नाही. असं असूनही कधी काहीही न दुखलेले कितीतरी जण असतात. आरशासमोर उभं राहून स्वतःचा दोष शोधत बसू नका. "ताठ बस" हा घरचा उपदेशही अर्धाच खरा आहे. ताठ बसून चार तास घालवले तरी स्नायू थकायचे ते थकतातच. एकाच स्थितीत फार वेळ न राहणं हे खरं.

धाकट्यांसाठी

माझा चुलतभाऊ तेरा वर्षांचा, शाळेच्या संघात आहे. गुडघ्याच्या खाली हाडावर टेंगूळ आलं आणि दुखायला लागलं. या वयात उंची भराभर वाढते, हाडं आधी लांब होतात आणि स्नायूंना त्यांची बरोबरी करायला वेळ लागतो. मांडीचा आखडलेला स्नायू नडगीच्या अजून कच्च्या असलेल्या भागाला ओढत राहतो. १९०३ मध्ये ऑसगुड आणि श्लाटर या दोन डॉक्टरांनी याचं स्वतंत्रपणे वर्णन केलं, दोघांच्या नावानेच तो त्रास ओळखला जातो. वाढ पुरी झाली की बहुतेकांचा त्रास थांबतो. पण तोपर्यंत उड्या आणि बैठका कमी कराव्या लागतात. त्याला मात्र "पाय कच्चे आहेत" म्हणून रोज दोनशे बैठका लावल्या होत्या! घरी लहान भाऊ-बहीण खेळत असतील तर एवढं लक्षात ठेवा, दुखणाऱ्या गुडघ्यावर शिक्षा नको.

मी काय केलं

बारा आठवड्यांचा कार्यक्रम. साधनं: भिंत, कॉट, एक उशी आणि एक सहनशील रूम-पार्टनर.

१. घोटा: भिंतीच्या तपासणीचीच हालचाल, टाच टेकलेली, गुडघा पुढे-मागे, पंधरा वेळा, दिवसातून दोनदा. शिवाय पोटरीचा ताण दोन प्रकारे. गुडघा सरळ ठेवून वरच्या मोठ्या स्नायूचा, गुडघा वाकवून खालच्या सोलिअसचा. मोठा स्नायू गुडघ्याच्याही वरून निघतो, म्हणून एकाच प्रकाराने दोन्ही सुटत नाहीत.

२. जांघ: एक गुडघा उशीवर टेकवून, दुसरा पाय पुढे. कंबरेत बाक न आणता नितंब आवळायचा आणि किंचित पुढे सरकायचं. अर्धा मिनिट, तीन वेळा. बाक आणला तर सगळा ताण मणक्यावर जातो, जांघ तशीच राहते. पहिले दोन आठवडे मी हीच चूक केली.

३. नितंब: दोन पायांवर कंबर उचलणं, जमलं की एका पायावर. मग जिन्याच्या पायरीवर एका पायाने चढणं-उतरणं, गुडघा आत न जाऊ देता.

४. हॅमस्ट्रिंग: ताणणं बंद, ताकद वाढवणं सुरू. गुडघ्यावर उभं राहायचं, मागून रूम-पार्टनरने घोटे धरायचे आणि धड सरळ ठेवून हळूहळू पुढे झुकायचं. याला नॉर्डिक व्यायाम म्हणतात. हा नियमित करणाऱ्या संघांमध्ये हॅमस्ट्रिंगच्या दुखापती सुमारे निम्म्याने कमी झाल्याचं अभ्यासांतून दिसलं आहे. सुरुवात आठवड्यातून एकदा, तीन-चार वेळाच. मी पहिल्याच दिवशी पंधरा केले आणि दुसऱ्या दिवशी वायव्हाला उभं राहता येईना.

५. बसणं: मोबाइलवर ४० मिनिटांचा गजर. वाजला की उठायचं, पाणी भरून आणायचं. आमच्या मजल्याचा कूलर दूर आहे याचा पहिल्यांदाच फायदा झाला.

आणखी एक. सामन्याच्या अगदी आधी लांबलचक ताण देऊ नका. एकेक स्नायू मिनिटाहून जास्त ताणून लगेच धावलं तर जोर थोडा कमीच पडतो. त्या वेळी हलका जॉग, पाय झुलवणं, उकिडवं बसून उठणं, असा हालता वॉर्मअप करा. लांब ताण रात्री खोलीत. आणि पहिल्या काही आठवड्यांत फरक पडला म्हणून लगेच थांबू नका. तो फरक स्नायू लांब झाल्याचा कमी आणि ताण सोसायची सवय लागल्याचा जास्त असतो.

डॉक्टरकडे कधी?

कंबरेतून पायात मुंग्या किंवा बधिरपणा उतरत असेल, खोकल्यावर कळ पायात जात असेल, "कट्" असा आवाज होऊन सांधा सुजला असेल, रात्री झोपेतून उठवणारं दुखणं असेल, तर हा लेख बाजूला ठेवा आणि डॉक्टरांकडे जा. सकाळी उठल्यावर पाठ अर्ध्या तासाहून जास्त वेळ आखडलेली राहते आणि हालचालीने सुटते, असं महिनोन्‌महिने चाललं असेल तर तेही दाखवा. विशीतल्या मुला-मुलींमध्ये मणक्याच्या संधिवाताची सुरुवात अशीच होते आणि "बसून बसून आखडलंय" म्हणून वर्षं वाया जातात.

शेवटी

बारा आठवड्यांनी उजवा घोटा ५ वरून ८ सेंटिमीटरवर आला. डाव्याइतका अजून नाही, कदाचित होणारही नाही. पण टाच टेकते. पायाचे अंगठेही हाताला लागतात, तेही हॅमस्ट्रिंग न ताणता. या वर्षी झोनलला मी पहिल्या सामन्यात राखीव होतो. दुसऱ्या सामन्यात कॅप्टनने आत घेतलं. मधल्या चौकोनात बसलो, खो मिळाला, उठलो. गडी बाद झाला की नाही हे सांगण्यासारखं काही मोठं नाही (झाला!). पण पाय चिकटला नाही. मला तेवढं पुरे होतं.

जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीला झालेल्या पहिल्या खो-खो विश्वचषकात भारताने पुरुष आणि महिला अशी दोन्ही अजिंक्यपदं जिंकली. प्रतीक वाईकर आणि प्रियांका इंगळे हे दोन्ही कर्णधार आपल्या महाराष्ट्राचे. त्या सामन्यांचं चित्रण मिळालं तर एकदा गडी बघू नका, बसलेल्या खेळाडूच्या टाचा आणि गुडघे बघा. खेळ किती खालून सुरू होतो ते कळेल.

सरांना आणि मॅडमना एक नम्र विनंती. प्रवेशाच्या वेळी आमची वैद्यकीय तपासणी होते. उंची, वजन, छाती फुगवून, छाती न फुगवता. त्यात एक भिंत आणि एक पट्टी वाढवा, माणशी दोन मिनिटं लागतील. आणि सलग दोन लेक्चर असली तर मध्ये एक मिनिट वर्गाला उभं राहू द्या. मागच्या बाकांवरचे काहीजण जागे होतील, हा फायदा वेगळाच.

— तृतीय वर्ष, यंत्र अभियांत्रिकी